परतीची उडी

घरात मूल झोपलेलं असलं की आमचा दत्तूमामा भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा आडवा सरकत पलीकडे जाई, पण मुलाला ओलांडत नसे. ओलांडलं की मुलाची वाढ खुंटते, हे आमच्याकडे सगळेच मानत. चुकून ओलांडलं गेलंच, तर ज्याने ओलांडलं त्यानेच उलटं ओलांडून परत यायचं, की दोष गेला. बाकीची माणसं हे हसत हसत करत. मामा मात्र अगदी मनापासून करी. आणि हाच मामा पोटापाण्यासाठी उंच उड्या मारत असे.

ट्रामला घोडे जुंपायचे त्या काळची ही गोष्ट. मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. मालवणाहून आला, लालबागेत आमच्याच खोलीत राहिला आणि गिरणीत लागला. सकाळी उशीर होऊन गेट बंद झालं, की हा गडी सरळ भिंतीवरून उडी मारून आत! एका सर्कसवाल्याने ते पाहिलं आणि मामाला उचललाच. मग काय, रंगून झालं, जावा झालं. सिंगापुरात तर एका गोऱ्या खलाशाशी त्याची उंच उडीची चुरस लागली. मामा जिंकला, तेव्हा त्या खलाशानेच त्याला खांद्यावर घेऊन तंबूभर नाचवलं म्हणे.

परत आला की तो आम्हा पोरांना गच्चीवर दोरी बांधून उडी शिकवी. "दोरी म्हणजे पाहुणी. तिका पाय लागूक नको," असं बजावी. मला पोरीला म्हणे, "आणि खाली बघू नको गो चेडवा. नजर दोरयेर."

पुढच्या खेपेला सर्कस विलायतेला जायची होती आणि जाहिरातीवर पहिलं नाव मामाचं लागणार होतं. आईने डबाभर लाडू वळून ठेवले होते. बोटीआधीचा शेवटचा खेळ मुंबईत, मैदानात होता. दोरीची उंची लोकांना कळावी म्हणून दोरीखाली उंच स्टुलावर एक माणूस बसवत. तिथे नेहमी विदूषक बसे. "त्याची वाढ कधीच झाली," असं म्हणून मामानेच त्याला निवडला होता. त्या दिवशी विदूषक तापाने फणफणला. मॅनेजरने इकडे तिकडे पाहिलं आणि पुढच्या रांगेतल्या मलाच उचलून स्टुलावर बसवलं. पाच-सहा वर्षांची मी, खुशीत पाय हलवत बसले. मामा धावत निघाला, नजर दोरीवर. मी त्याला दिसले ती तो हवेत असताना.

त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो. पलीकडे गादीवर उतरला, उठला, लोकांना सलाम करायचं सोडून गर्रकन वळला. मॅनेजर ओरडला, "अरे दत्तू, झालं की!" मामा म्हणाला, "चेडवाक ओलांडलंय. परत नको येवक?" आणि आला धावत! त्या बाजूने उडीची फळी नव्हती की इकडे उतरायला गादी नव्हती. दोरीला पाय नाही लागला हो, पण मामा कडक जमिनीवर आदळला आणि गुडघा गेला. लोकांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. इतक्या टाळ्या त्याला सिंगापुरातही पडल्या नसतील.

बोट त्याच्याविना गेली. आई त्याचा गुडघा शेकत रडत होती. माझे वडील वैतागून म्हणाले, "अरे शहाण्या, घरी आल्यावर पोरीला चटईवर निजवून उलटं ओलांडलं असतंस तर चाललं नसतं?" मामा कपाळावर हात मारून म्हणाला, "ह्या माका सुचलाच नाय, भावोजी!" आणि असा हसत सुटला की आईही हसली. त्या हसण्यामागे काय गेलं होतं, ते मला मोठी झाल्यावर समजलं आणि फार फार वाईट वाटलं.

पुढे तो त्याच गिरणीच्या गेटावर पहारेकरी झाला. उशिरा येणाऱ्यांना म्हणे, "गपचूप गेटातून ये रे, भिंतीक त्रास देऊ नको." मी मात्र ताडमाड वाढले. स्थळं यायची, मान वर करून बघायची आणि निघून जायची. आई कपाळाला हात लावी, तर मामा मिशीवर ताव देत म्हणे, "माझी उडी फुकट जावक नाय!" शेवटी एक उंच जावई त्यानेच शोधून काढला.

मामाच्या शेवटच्या आजारात मी माहेरी आले होते. खोली चिंचोळी, मामाचं अंथरूण घातलं की वाट संपली. माठ पलीकडे, म्हणून मी लुगडं सावरून त्याच्या पायांवरून गेले आणि त्याला पाणी पाजलं. मग आईला हाक मारायला तशीच मागल्या दाराने निघाले. त्याने माझा पदर धरला.

"गो, तशी जाव नको. उलटा ओलांड."

"का रे मामा?"

"माझी वाढ खुंटतली मा!"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. खाली न बघता, नजर समोर ठेवून, त्याला पाय लागू न देता मी परत अलीकडे आले.

"बरी उडी मारलंस," तो म्हणाला. त्याच दुपारी मामा गेला.