जहाजात चढण्याआधीचा प्रश्न

आपल्या धम्मात वर बसून कृपा करणारा कुणी नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि मला ते पटतही होतं. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. कारण सापडलं नाही की मला चैन पडत नसे. विहारात जायचे, वंदना म्हणायचे, पण ती सवयीनं. म्हणूनच चेन्नईच्या बंदरात त्या सकाळी जे घडलं त्याला काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जसं घडलं तसं सांगते.

माझी माय मूळची पिशोर गावची. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे बेगमपुऱ्यात राहते. वय ऐंशीच्या आसपास, नक्की तिलाही माहीत नाही. एका पावसाळ्यात, वर्षावासात, भंतेजींनी प्रवचनात सांगितलं की, बोधगयेच्या वृक्षाची एक फांदी संघमित्रेनं समुद्रावरून श्रीलंकेला नेली, आणि अनुराधपुरात तिचं झाड अजून उभं आहे. बोधगयेला माय आधीच जाऊन आली होती. त्या दिवशी घरी आल्या आल्या तिनं चप्पलही काढली नाही. म्हणाली, "मला तिथं ने. आन् जहाजानंच ने. फांदी जहाजानं गेली, मंग मी का इमानानं जाऊ?"

मी हसण्यावारी नेलं. पण माझ्या भाचीनं शोध घेतला, तर चेन्नईहून श्रीलंकेला जाणारं प्रवासी जहाज खरोखरच होतं. त्रिंकोमाली बंदरात ते दिवसभर थांबतं आणि तिथून गाडीनं अनुराधपुरला जाऊन परत येता येतं.

मग कागद सुरू झाले. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारा हवा. श्रीलंकेची परवानगी आधी ऑनलाइन काढायची. मायचं वय आणि रक्तदाब पाहता डॉक्टरांचा दाखला हवा. मायला या सगळ्याचं भारी नवल वाटायचं. रोज संध्याकाळी ती मला एकेक गोष्ट विचारून घ्यायची. दवाखान्यातही तिनं डॉक्टरांना सोडलं नाही.

"समुद्राला काय करायचंय माझ्या बीपीचं?"

डॉक्टर हसले. "समुद्राला नाही हो आजी, जहाजाला. तिथं मोठं हॉस्पिटल नसतं. मध्येच काही झालं तर तुम्हाला उतरवणार कुठं?"

ताप, उलटी, जुलाब असतील तर चढू देत नाहीत, हे वाचून दाखवल्यावर ती जरा विचारात पडली. मी समजावलं की एवढी माणसं एकाच ठिकाणी जेवतात, राहतात. एकाचं दुखणं सगळ्यांना लागतं. "म्हंजी साऱ्या गावाला एकच आड असल्यावानी," ती म्हणाली. तिला कळलं होतं. माझ्या वर्गातल्या मुलांना इतक्या लवकर कधी कळलं नाही.

आम्ही रेल्वेनं निघालो. वाटेत एका स्टेशनवर तिनं भजी घ्यायला लावली, आणि दुसऱ्या दिवशी तिला उलटी झाली, पोट बिघडलं. मी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिले. चेन्नईत लॉजवर पोहोचल्यावर माय म्हणाली, थांबलं आता. जहाजाच्या दिवशी सकाळी तिनं अंघोळ केली, पांढरं लुगडं नेसली. चेहरा ओढलेला होता, पण डोळे असे चमकत होते की मी सरळ रिक्षा बोलावली.

बंदरावरच्या मोठ्या दालनात रांग होती. रांगेतच प्रत्येकाच्या हाती आरोग्याचा कागद दिला. त्यात सरळ प्रश्न होता : गेल्या दोन दिवसांत ताप, उलटी किंवा जुलाब झाले होते का?

माझा हात थबकलेला पाहून रांगेत मागे उभ्या असलेल्या जालन्याच्या एका गृहस्थांनी आपुलकीनं सांगितलं, "मॅडम, नाही लिहून टाका. सगळे तेच लिहितात. नाहीतर विनाकारण अडकाल."

मायनं विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. ती तत्काळ म्हणाली, "नाय म्हन. बरी हाय की मी आता."

मलाही 'नाही'च लिहायचं होतं, हे मी इथं स्पष्ट सांगते. मी खोटं न बोलण्याच्या शीलाचा विचार करत नव्हते, इतर प्रवाशांचाही नाही. माझ्या मनात फक्त मायचं ते झाड होतं. मी पेन 'नाही'च्या चौकोनावर नेलं. आणि हात पुढे जाईना. भीती वाटली असं नाही, आवाज ऐकू आला असंही नाही. कुणी हलकेच मनगट धरावं तसं झालं, एवढंच. मग मी पाहिलं तर 'होय'च्या चौकोनात खूण केलेली होती. माझ्याच हातानं.

आम्हाला बाजूला बसवलं. माय माझ्याकडे बघतच राहिली. "काय केलंस गं बाई ह्ये?" तिनं डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली, "बुद्धं सरणं गच्छामि..."

तेवढ्यात जहाजावरची एक नर्स आली. सावळी, मध्यम वयाची. तिनं नाडी बघायला मायचं मनगट हातात घेतलं, आणि घड्याळाकडे बघता बघता तिच्या तोंडून आपसूक पुढची ओळ आली, "धम्मं सरणं गच्छामि." चाल वेगळी होती, शब्द तेच. मायनं डोळे उघडले. ती बाई श्रीलंकेची होती. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण तिसरी ओळ दोघींनी मिळून म्हटली.

मग नर्सनं पोटावर हात ठेवून खुणेनं विचारलं, किती वेळा? आणि माझ्याशी 'थांबलं' म्हणणाऱ्या मायनं तिला बोटं दाखवायला सुरुवात केली. एका हाताची बोटं पुरली नाहीत. रात्रभर चालू होतं, सकाळीही. मला न कळू देता. नर्सनं रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि घाईनं डॉक्टरांना बोलावलं.

आम्हाला जहाजात घेतलं नाही. नर्स रुग्णवाहिकेपर्यंत आली, मायच्या गालाला हात लावला आणि गेली.

हॉस्पिटलात सलाईन लावलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी संपत आलं होतं आणि त्यावर रक्तदाबाची गोळी रोज चालूच होती. मूत्रपिंडं धोक्यात आली असती. समुद्रावर उशीर झाला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही. माय मात्र भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माझं जहाज गेलं," एवढंच तिनं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिनंच हाक मारली.

"मी तुझ्याशी खोटं बोलले. रातचं तुला तर काहीच ठावं नव्हतं. मंग तू 'व्हय' कशापायी लिव्हलं?"

"माहीत नाही माय. मी लिहिणार नव्हते."

तिनं लहान मुलासारख्या कुतूहलानं विचारलं, "मंग कुनी लिव्हलं गं?"

मी कारणं शोधून पाहिली. वर्षानुवर्षं रोज म्हटलेलं शील हातात मुरलं असेल. तिचा ओढलेला चेहरा मनानं आधीच वाचला असेल. प्रत्येक कारण बरोबर वाटतं आणि प्रत्येकानंतर थोडं काहीतरी उरतं. पूर्वी ते उरलेलं मला टोचलं असतं. आता टोचत नाही.

आरोग्याच्या कारणावरून परत पाठवल्यामुळे आम्हाला त्याच तिकिटावर पुढच्या एका फेरीत जागा मिळाली. या वेळी माय वाटेत घरच्या दशम्यांशिवाय काही खाईना. ती नर्स जहाजावर नव्हती, रजेवर गेली होती. तिचं नाव विचारायचंही राहून गेलं.

अनुराधपुरात ते झाड उंच चौथऱ्यावर आहे. म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले. माय मान वर करून पाहत राहिली. मला वाटलं, रडेल, काही मागेल. ती म्हणाली, "टेकू घेतलाय बघ, पर पानं कशी कवळी हायेत." खाली वाळूवर पांढऱ्या कपड्यातल्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या एका आजीनं सरकून आपल्या चटईवर मायला जागा दिली. माय तिला मराठीत पिशोरचं काहीबाही सांगू लागली, ती सिंहलीत हुंकार देऊ लागली.

मी शेजारी वाळूत गुडघे टेकले. शरण जायचं म्हणजे आधी कुणाला ते ठरवायचं, असं मी इतकी वर्षं समजत होते. त्या नर्सचे, तो साधा प्रश्न कागदावर घालणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचे, माझ्या मनगटाचे, नेमके कुणाचे आभार मी मानत होते, मला ठाऊक नव्हतं. तरी कपाळ वाळूला लागलं, आणि बराच वेळ उचलावंसं वाटलं नाही.