टॉवेलाखालचा भाव

आमच्या हिच्या मामांनी जिची किंमत केली नाही, अशी वस्तू कोल्हापुरात तरी शिल्लक नसावी. जन्मभर गुळाची दलाली केलेला माणूस. म्हैस असो, मोटारसायकल असो, नाहीतर मंगल कार्यालय, नजर टाकली की आकडा तयार! आमच्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, माझ्या सुटाचं कापड दोन बोटांत चोळून ते अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे म्हणाले होते, "जावई, फसवलं की तुमास्नी!" फसवलंच होतं हो, पण ती काय सांगायची वेळ होती?

एवढा बोलघेवडा गृहस्थ सौद्याला बसला की मात्र मुका व्हायचा. ही जुन्या बाजाराची सवय. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, समोरच्याने त्याखाली हात घालायचा आणि बोटं धरून भाव ठरवायचा. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते मालावरून ओळखायचं. कळंब्याला प्लॉट विकणाऱ्या एजंटापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांपुढे मामांचा टॉवेल. भाजीवाली तर ते लांबून दिसले तरी पाटी उचलायची.

दोन वर्षांपूर्वी मामा आणि इचलकरंजीचे धाकटे मामा यांची वाटणी झाली. भांडीकुंडी, दागिने, सगळं बिनबोभाट वाटलं गेलं. राहिलं ते त्यांच्या आईचं तैलचित्र. धुरानं काळवंडलेलं, पण आईचा दुसरा फोटोच नव्हता, त्यामुळे दोघांनाही तेच हवं. शेवटी ठरलं, जाणकाराकडून किंमत करायची आणि चित्र ठेवेल त्यानं निम्मी किंमत दुसऱ्याला द्यायची. "जाऊन जाऊन किती जाईल?" मामा मला म्हणाले. "पाच हजार. अडीच त्याच्या हातावर ठेवतो, आय माझ्याकडं."

पुण्याहून जाणकार आले. कापसाचा बोळा ओला करून त्यांनी चित्राचा कोपरा पुसायला घेतला. काळ्या थराखालून हळूहळू एक सही वर आली आणि ते गृहस्थ भिंग लावून तिच्यावर वाकले ते उठेचनात. मामांना धीर कुठला! टॉवेल टाकून हात पुढे केला. पुणेकरांना वाटलं हस्तांदोलन. त्यांनी टॉवेलाखाली मामांचा पंजा धरून चांगला गदागदा हलवला.

"पाच!" मामा ओरडले. "म्हणलं न्हवतं, पाच हजार?"

"कसले पाच हजार?" ते दचकून म्हणाले. "सही खरी आहे. चार लाखांच्या खाली कुणाला देऊ नका."

पुणेकर गेले. मामांच्या गाठीला पैसा होता. धाकट्या मामांचा जन्म लूमवर कापड विणण्यात गेलेला, ते दोन लाख कुठून आणणार? सत्तरी ओलांडलेले दोघे भाऊ, आणि आता या वयात तोडातोडी होणार!

"ऱ्हाऊ दे तुज्याकडं, दादा," धाकटे मामा चित्राकडे न बघता म्हणाले.

मामांनी टॉवेल उचलला. "हात घाल."

"आता कसला सौदा?"

"घाल म्हणतो न्हवं!"

हात आत गेला. बराच वेळ टॉवेल हलला नाही. मग धाकटे मामा एकदम म्हणाले, "दादा, मूठ? धरायला बोटच न्हाय की रं!"

"त्योच भाव. जा घेऊन."

धाकटे मामा लहान मुलासारखे रडले. चित्र चादरीत गुंडाळून इचलकरंजीला गेलं. मला राहवलं नाही. म्हटलं, मामा, आईचं एकुलतं एक चित्र तुम्ही देऊन टाकलंत?

"आय गेली तवा मी सात वर्सांचा, त्यो आठ दिसांचा," मामा हळूच म्हणाले. "मला ती आठवती. जावई, त्या चित्रात आय न्हाईच. ती लई हसायची. हसली की डोळंच मिटायचं तिचं. त्यो चित्रकार कुणाला काढून गेला, त्येचं त्येला ठावं! पर धाकट्याला कदी सांगू नगासा. त्येला दुसरं हाय काय?"

मामा गेले, त्याला आता सहा महिने झाले. परवा इचलकरंजीला गेलो होतो. धाकट्या मामांनी चित्र देवघराशेजारी लावलंय, रोज सकाळी हार घालतात. चहा देताना ते म्हणाले, "दादाला आय आठवायची म्हनं. ती खरंच अशी दिसायची का वो? तुमास्नी कदी बोलला का?"

मी वर पाहिलं. ओठ घट्ट मिटलेली, करारी चेहऱ्याची एक बाई माझ्याकडे रोखून बघत होती.

"बोलले होते ना," मी म्हणालो. "हुबेहूब अश्शीच."