दाट ठिपक्यांचे पडदे

कारखान्यात तिला सगळे ‘घार’ म्हणत. मोबाइलचे स्क्रीन तपासायच्या अंधाऱ्या खोलीत तिने एकोणीस वर्षं काढली होती. समोर पडदा उजळायचा, आधी लाल, मग हिरवा, मग निळा. त्यात एखादाच ठिपका मेलेला असला तरी तिचं बोट नेमकं त्यावर जाऊन टेकायचं. गल्लीत कुणाच्या हातात कुसळ रुतलं की तिलाच हाक मारत.

मग नवे पडदे आले. आकार तोच, तळहाताएवढा. पण पूर्वी इंचभर रेघेत शे-दीडशे ठिपके असत, तिथे आता पाचशे कोंबलेले. पहिल्या आठवड्यात तिने एकही पडदा बाजूला काढला नाही.

“माल चांगला येतोय,” शेजारच्या टेबलावरची म्हणाली.

तिला मात्र चैन पडेना. कुणाला न सांगता ती डोळे तपासून आली. चष्म्याचा नंबर होता तोच होता. शेवटी ती स्वतःच सुपरवायझरकडे गेली.

“साहेब, मला दिसत नाहीये. मी नुसता शिक्का मारतेय.”

त्याने तिने पास केलेला एक पडदा उजळून भिंगाखाली धरला. मधोमध काळा ठिपका होता.

“आता भिंगाशिवाय बघा. दिसतोय?”

“नाही.”

“मलाही नाही, ताई. एवढ्या दाटीतला एकेक ठिपका हातभर अंतरावरून कुणाच्याच डोळ्याला वेगळा दिसत नाही. म्हणून तर अक्षर इतकं रेखीव उमटतं. पण घेणारी कंपनी भिंगाखाली बघूनच माल घेते. तुमची चूक नाही यात.”

चूक असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चूक सुधारता तरी आली असती.

महिन्याभरात खोलीत पडदे तपासणारे कॅमेरे बसले आणि तिला पॅकिंगला पाठवलं. “बरं झालं, डोळ्यांना तेवढाच आराम,” नवरा म्हणाला. तो मनापासून बोलत होता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत ती त्या खोलीत डोकावली. आत कुणी नव्हतं. पट्ट्यावरून पडदे एकामागून एक सरकत होते. कॅमेऱ्याने नापास करून बाजूला काढलेला, अजून उजळलेला एक तिने उचलला, डोळ्यांशी नेला, तिरपा करून फिरवला. कुठे काय बिघडलंय, काही कळेना. तिने तो जागच्या जागी ठेवला आणि खोकी चिकटवायला परत गेली.