लिंबू-मिरचीवर प्रोटेस्ट

"परबसाहेब, याचं वजन करायचं का?" सावंतांनी विचारलं.

"करा," मी म्हणालो. "मिरच्यांसकट."

सावंत म्हणजे आमच्या वाशीच्या खाडीवरच्या क्लबचे सेक्रेटरी. त्यांनी किचनमधून काटा मागवला. टेबलावर काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक लिंबू आणि सात हिरव्या मिरच्या. टेबलाच्या या बाजूला समीर, त्या बाजूला निकिता, दोघं भिजलेले, आणि दोघांनाही मान वर करायची नव्हती. बाहेर मांडवात प्रमुख पाहुणे बक्षीस द्यायला येऊन बसले होते. त्यांचा दुसरा चहा झाला होता.

मी रबाळ्याच्या एका कंपनीत आयुष्यभर क्वालिटी कंट्रोल केलं. माप घ्यायचं, पास किंवा रिजेक्ट. रिटायर झाल्यावर घरी चपात्यांच्या जाडीवर बोलायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, मोजायचंच असेल तर बाहेर जाऊन काहीतरी मोजा. म्हणून मी विंडसर्फिंगच्या रेगाटात मेजरर, म्हणजे सगळ्यांचं सामान मापून पास करणारा, झालो.

विंडसर्फिंग म्हणजे पाण्यावर एक फळी, म्हणजे बोर्ड, त्यावर एक शीड, आणि ते शीड दोन्ही हातांनी धरून उभा राहिलेला माणूस. रेगाटा म्हणजे अशा शर्यतींची मालिका. आमची रेगाटा वन-डिझाईन. सगळ्यांचा बोर्ड एकाच मापाचा, शीड एकाच मापाचं, खालची फिनसुद्धा, म्हणजे पाण्यातलं पातं, तीच. फरक फक्त माणसात. कोणाच्या बापाने काय घेऊन दिलं याचा संबंध नाही. मला हा खेळ आवडतो तो एवढ्यासाठीच.

समीर ऐरोलीच्या आयटी पार्कात टीम लीड. अंगाने भक्कम. निकिता पावणे गावातली, तीही ऐरोलीलाच बॅक ऑफिसात शिफ्ट करते. अंगाने काडी. नॅशनलला क्लबकडून एकच जण जातो, जो पहिला येईल तो. निकिता गेली काही वर्षं दुसरी येत होती आणि दर वेळी समीर जात होता. यंदा तिच्या साहेबांनी सांगितलं होतं, पुढच्या वर्षीपासून वीकेंड शिफ्ट, रजा विसर. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

पहिल्या दिवशी दुपारी पश्चिमेचा वारा असा सुटला की मांडवाचं कापड फाटलं. जोराच्या वाऱ्यात वजनदार माणूस शीड दाबून धरतो. समीर सगळ्या शर्यती जिंकला, निकिता दोनदा पाण्यात पडली. दुसऱ्या दिवशी वारा पडला. पंखा एकवर ठेवल्यासारखा. आता हलक्या माणसाचं राज्य. पाण्यावर जिथे बारीक सुरकुती दिसेल तिथे वारा, आणि निकिताला ती सुरकुती लांबून दिसते. तिने एकेक शर्यत मारत गुण बरोबरीत आणले. शेवटच्या शर्यतीत ओहोटी लागली होती. समीर आतल्या बाजूने शॉर्टकट मारायला गेला आणि त्याची फिन चिखलात घासली. निकिता एका बोर्डाने पुढे आली. किनाऱ्यावर तिच्या आईने पदर तोंडाला लावला.

दहा मिनिटांत समीरचा प्रोटेस्ट आला. प्रोटेस्ट म्हणजे लेखी तक्रार. आमच्याकडे माणसं कमी, त्यामुळे मेजरर मीच आणि जजही मीच, जोडीला सावंत. तक्रार अशी: निकिताच्या बोर्डावर, शीड वर ओढायच्या दोराला, लिंबू-मिरची बांधलेली होती. इतर कोणाकडे नव्हती.

खरंच होती. सकाळी मी तपासणी करून गेल्यावर कोणीतरी बांधली होती.

आमचा नियम सोपा आहे. बोर्डावर जादा वस्तू सापडली तर काढायला लावायची. पण तिचा शर्यतीत फायदा झाला असेल, तर माणूस बाद.

"फायदा काय झाला?" मी समीरला विचारलं.

"काका, हलक्या वाऱ्यात ती लटकती मिरची हलते. वारा कुठून येतो ते दिसतं. इंडिकेटरच झाला ना."

मुद्दा अगदीच फालतू नव्हता, हे मला मानावं लागलं. मग मी माझं काम केलं. काटा लावला, वजन नावापुरतं. टेबलफॅन आणवला, एकवर केला आणि दोरा समोर धरला. लिंबू ढिम्म हललं नाही. मिरच्या लिंबाखाली गपगार. दोनवर केला, तेव्हा सावंतांचे कागद उडाले, मिरच्या नाही.

"इंडिकेटर रिजेक्ट," मी म्हणालो.

निकिताने श्वास सोडला. समीरने खांदे पाडले. इथे संपलं असतं. पण सावंत पडले सरकारी खात्यातून रिटायर झालेले, त्यांना फाईल पूर्ण पाहिजे. बांधली कोणी, हे विचारायला त्यांनी निकिताच्या आईला आत बोलावलं.

"मीच बांदली," आई म्हणाल्या. पावण्याला पॅकिंगच्या कामाला जातात, आवाज मशीनच्या आवाजावर चढेल एवढा. "सकाली बांदली. पोरीला ठावं पन नवतं."

"ठीक आहे," सावंत लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे त्याचा शर्यतीला तसा काही फायदा नाही. बरोबर?"

"फायदा नाय?" आई भडकल्या. "मंग मी काय शोभंला बांदली? फायदा हाय म्हनून तर जिकली."

निकिताने कपाळावर हात मारला. "आई, गप बस ना गं."

"का गप? खरं हाय ते सांगते."

समीर ताठ बसला. "काका, नोंद करा. त्या स्वतः म्हणतायत, फायदा झाला."

रिजेक्ट करताना मी कधी थांबलो नाही. त्या दिवशी पेन उघडायला जड गेलं. पोरीने वाऱ्यावर कमावलेलं तिच्या आईने एका वाक्यात घालवलं होतं. पण नोंद करायची तर पूर्ण करायची, ही माझी सवय.

"आई, फायदा नेमका कसला?"

"दिष्ट लागत नाय."

"कोणाची?"

"याचीच की." त्यांनी समीरकडे बोट केलं. "कालधरनं बगतोय तिच्याकडं. घारी नजर हाय त्याची."

मी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "सिद्ध झालेली बाब. समीर यांची नजर वाईट आहे. लिंबू-मिरचीमुळे ती निकिता यांना लागली नाही. या फायद्यामुळे निकिता बाद. समीर, हे तुला मान्य असेल तर इथे सही कर."

"काका, मी असं कुठे म्हटलं?"

"तू म्हणालास नोंद करा. फायदा हाच आहे, दुसरा सापडला नाही. निकाल वेबसाइटवर जातो, पीडीएफ. तुझ्या ऑफिसच्या ग्रुपवर तू दर वर्षी लिंक टाकतोस ना?"

समीरने कागद माझ्याकडे परत सरकवला. सावंत पंख्याकडे बघत होते, हसू येत असावं. शेवटी समीर म्हणाला, "प्रोटेस्ट मागे घेतो." आणि निकिताकडे न बघता, "शेवटची रेस चांगली मारलीस."

निकिता रडली. लिंबू-मिरची काढून आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "तू नॅशनलला येऊ नको, मी घाबरून पडेन." आई तरीही नॅशनलला गेल्याच. निकिता आठवी आली. क्लबचा याआधी पंधराव्याच्या वर कोणी गेला नव्हता.

मी समजलो, विषय मिटला. पुढच्या रेगाटाला सकाळी तपासणीला गेलो, तर एकूण एक बोर्डाला लिंबू-मिरची. सगळ्यात पुढे समीरच्या.

"हे काय?" मी विचारलं.

"वन-डिझाईन आहे ना काका. सगळ्यांचं सेम पाहिजे."

मी काटा काढला आणि एकेक तपासत गेलो. एका शहाण्याने लिंबाऐवजी मोसंबं बांधलं होतं. त्याला मी रिजेक्ट केलं. तेव्हापासून नव्या मेजररना मी एवढंच सांगतो: नियमात काय बसतं ते बघा, खरं काय ते बघू नका, आणि फळं स्वतः मोजा.