दिगंबरचं कुरूप

एका खोलीत चार जण राहिले की किस्से साठायला वेळ लागत नाही. आमच्याकडे ते बहुतेक दिगंबरच्या पायामुळे साठले. आम्ही चौघं मराठी, चंदीगडला रिसर्चला. पंजाबात तेव्हा दहशतवाद ऐन भरात होता. खोली एका सरदारजींच्या गच्चीवरची. खाली ते, त्यांची बायको, म्हणजे आमच्या बीजी, आणि लग्नाची मुलगी.

दिगंबर सोलापुरातून भावाचे घट्ट बूट घालून आला. तळव्याला कुरूप झालं. त्याला त्याची इतकी लाज, की ऐन मे महिन्यात मोजे घालून झोपायचा. विचारलं तर म्हणायचा, "सवय आहे."

*

एकदा त्याने ते ब्लेडने कापलं. पाय सुजला, तेव्हा कुठे डिस्पेन्सरीत आला. डॉक्टरीणबाईंनी आधी बूट पाहिले.

"ये किसके हैं?"

"भाई के."

"तो भाई को लौटा दो."

मग कॉर्न कॅप दिली. गरम पाण्यात पाय बुडवायचा, वजरीने हलकं घासायचं, बूट रुंद घ्यायचे आणि ब्लेड फक्त दाढीला.

*

मोहालीच्या रस्त्यावर पोलिसांनी बस थांबवली, सगळ्यांना खाली उतरवलं. दिगंबर लंगडतोय हे हवालदाराने हेरलं.

"जूते में क्या है?"

"कुरूप है, साब."

हिंदीत कुरूप म्हणजे नुसतं विद्रूप. हवालदाराने शांतपणे बंदूक सरळ केली. "कौन कुरूप है?"

शेवटी सगळ्या बससमोर बूट, मोजा, पट्टी, सगळं काढावं लागलं. हवालदार हसला. दिगंबरने मात्र मोहाली येईपर्यंत मान वर केली नाही.

*

नवे कॅनव्हासचे बूट आले आणि कुरूप गेलं. गच्चीवर अनवाणी फिरून तो आम्हाला तळवा दाखवायचा. "हात लावून बघा. बाळाचा पाय."

*

मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात जवळच एका बसवर गोळीबार झाला. तरी सरदारजी स्वतः वर आले. "गुरुद्वारे सब चलना. घर के लड़के हो."

लग्नाच्या सकाळी आम्ही तयार, दिगंबर कॉटवरच. बीजी बोलवायला आल्या तर म्हणाला, "पैर में कॉर्न है, बीजी. नंगे पैर नहीं चल सकता."

आम्ही तिघं बीजींच्या मागोमाग जिना उतरलो.

दुसऱ्या दिवशी मुलगी सासरी गेलेली, घर सुनं. संध्याकाळी बीजी मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं घेऊन वर आल्या.

"सरदारजी ने कल रोटी नहीं खाई. कहते थे, लड़का हमसे डर गया. मैंने कहा, नहीं जी, पैर दुखता है उसका."

त्या खाली बसल्या. "ला, दिखा."

"नको, बीजी," दिगंबर मराठीतच म्हणाला.

त्यांनी त्याचा पाय ओढून पाण्यात घेतला आणि तळव्यावरून अंगठा फिरवायला लागल्या. टाचेपासून बोटांपर्यंत, मग पुन्हा. दिगंबर भिंतीकडे बघत होता. आम्ही जमिनीकडे.

बऱ्याच वेळाने त्यांनी ओढणीने पाय पुसला.

"पानी ठंडा हो गया, पुत्तर," त्या म्हणाल्या.