खापरच्या अलीकडेच उतरवलेला ग्लायडर

लॅपटॉपवरचा बॅटरीचा आकडा लाल झाला तेव्हा ग्लायडर मोलगीकडच्या डोंगरांवर होता. तोंड आमच्याकडे होतं. आम्ही खापरच्या पलीकडे, गुजरातच्या बाजूला, कापणी झालेल्या एका शेतात ताडपत्री टाकून बसलो होतो. देसले सर माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते.

“येतोय ना, ताई?”

“येतोय. पण बॅटरी बसतेय.”

माझं काम ड्रोन दुरुस्तीचं. नंदुरबारला छोटं सर्व्हिस सेंटर आहे. येतात ते फवारणीचे ड्रोन. कुणाचा पंखा उसात अडकून तुटलेला, कुणाच्या मोटरमध्ये औषध गेलेलं. संध्याकाळी हात कितीही धुतले तरी त्या औषधाचा वास जात नाही. अवकाश वगैरे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते देसले सरांच्या डोक्यात होतं. सर धानोऱ्याचे. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले आणि घरच्या शेतीत त्यांचं मन रमेना. एक दिवस थर्माकोलसारख्या फोमचे दोन पंख घेऊन दुकानात आले.

“हा ग्लायडर, बिनमोटरीचं विमान. फुग्यानं वर न्यायचा. विमानं उडतात त्याच्या दुप्पट उंच. तिथून पृथ्वीची गोलाई दिसते. फोटो काढायचे आणि याला परत आपल्या पायाशी उतरवायचा.”

परत आणण्याचं काम ऑटोपायलटचं. ऑटोपायलट म्हणजे काडेपेटीएवढं सर्किट. जीपीएसवरून आपण कुठे आहोत ते ओळखतं आणि पंख हलवून घराकडे वळतं. आमचा बोर्ड ओपन सोर्स होता, म्हणजे त्याच्या सर्किटचा आराखडा आणि प्रोग्राम कुणालाही फुकट बघता येतो, बदलता येतो. फवारणीच्या काही ड्रोनमध्येही असाच बोर्ड असतो. म्हणून सर माझ्याकडे आले होते.

परवानग्यांच्या चकरांमध्ये पावसाळा गेला. शेवटी तारीख मिळाली ती नेमकी खापरच्या बाजाराची. मी म्हटलं, तारीख बदलून घेऊ. सर म्हणाले, “पुन्हा सगळ्या सह्या? मन्हामा तेवढा दम ऱ्हायना नही आता.” दम माझ्यातही नव्हता. फुगा बाजारावरून गेलाच तर कितीतरी उंचावरून जाणार होता, आणि हवामानाच्या अंदाजात वारा कमी होता.

वर गेल्यावर वारा कमी नव्हता. फुगा ईशान्येला सरकत डोंगरांवर गेला. ठरलेल्या उंचीवर गरम तारेनं दोरी कापली, ग्लायडर सुटला आणि शहाण्यासारखा आमच्याकडे वळला. सरांनी टाळ्या वाजवल्या. पण आता तोच वारा त्याच्या तोंडावर होता. पुढे सरकणं हळू, वरची थंडी भयंकर, आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते.

स्क्रीनवर मी बोटानं रेघ ओढली. ग्लायडरपासून आमच्यापर्यंत. रेघ खापरच्या बाजारावरून आणि हायवेवरून जात होती.

“सर, बॅटरी मध्येच संपली तर पंख हलायचे थांबतील. मग तो कुठेही पडेल.”

“पॅराशूट आहे ना?”

“ते उघडायलाही हीच बॅटरी लागते. उघडायचं तर आत्ता. खाली डोंगर आहेत तोवर.”

आम्ही कामाचं बोलणं मराठीत करतो. घाई झाली की अहिराणी सुरू होते. सरांनी माझा हात धरला. “थांब ना ताई. यी ऱ्हायना तो. घरकडेच यी ऱ्हायना.”

खरंच येत होता. आकडा आणखी उतरला. बाजारात त्या वेळी किती माणसं असतील याचा विचार करायची गरज नव्हती. सकाळी येताना आमची जीप त्याच गर्दीतून आली होती. मी हात सोडवला आणि पॅराशूटची कमांड दिली.

“हाई काय करं तू?” सर ओरडले. मग ताडपत्रीवर खाली बसले आणि स्क्रीनकडे पाठ केली.

मोलगीपर्यंत जीप, पुढे कच्चा रस्ता, त्यापुढे पायवाट. जीपमध्ये सर मागच्या सीटवर जाऊन बसले. चढावर त्यांना धाप लागली. मी थांबले की तेही थांबायचे, पण अंतर ठेवून.

ग्लायडर रायसिंग वसावे यांच्या घरापाशी मिळाला. पॅराशूट त्यांच्या महूच्या झाडावर, आणि ग्लायडर अंगणात कोंबड्यांच्या टोपलीखाली. हरवलेला सापडावा म्हणून तो बीप वाजवतो. त्या आवाजानं शेळ्या बिथरल्या होत्या.

“बंद कसा करायचा कळेना, म्हणून झाकला,” रायसिंगदादा म्हणाले. “हळूहळू आला वरून. पोरं शेतात होती, ती लांब पळाली. कोणाला लागलं नाही.”

त्यांच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं आणि सरांकडे बघून त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. दादांनी मराठीत सांगितलं, “ती विचारते, यांचं कोणी गेलंय का?”

सरांनी नकारार्थी मान हलवली. तांब्या तोंडाला लावून बराच वेळ पाणी पीत राहिले.

ऑटोपायलट उड्डाणाची सगळी नोंद ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. दुसऱ्या दिवशी मी तो उघडला आणि खुर्चीत मागे टेकून बसले. पॅराशूट उघडल्यावर ग्लायडर खालच्या उबदार हवेत आला आणि बॅटरी पुन्हा वर चढली. तिच्यात जीव शिल्लक होता. थंडीमुळे आकडा कमी दिसत होता.

लॉग सरांना दाखवावाच लागला. त्यांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला.

“म्हणजे पोहोचला असता.”

“बहुतेक.”

“आणि तरी पुन्हा वेळ आली तर?”

“पुन्हा तेच करीन, सर.”

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. “बरं,” म्हणाले आणि गेले. पुढचं उड्डाण त्यांनी सुरतच्या एका टेक्निशियनकडे दिलं. मला फोन आला नाही. दुकानात फवारणीचे ड्रोन साठले होते, मी त्यात गुंतले.

फोटो मात्र सुंदर आले. वर काळं आभाळ, खाली पृथ्वीची बारीकशी कमान, तापीची रेघ. सरांनी त्यातला एक मोठा करून हॉलमध्ये लावलाय. पाहुण्यांना दाखवताना म्हणतात, “सगळं व्यवस्थित झालं, फक्त उतरताना जरा गडबड झाली.” ती गडबड म्हणजे मी.

मला आता त्याचं फार वाटत नाही. त्या दिवशी बाजार नेहमीसारखा भरला आणि नेहमीसारखा उठला, काही झालं नाही. न झालेल्या गोष्टीसाठी कुणी आभार मानत नाही. फक्त हल्ली कुणी असलं उडवायचं काही घेऊन दुकानात आलं, की किती उंच जाईल हे मी विचारत नाही. परत येताना वाटेत कोण राहतं, ते आधी विचारते.