दादावरची बंदी आणि आईचे डिंकाचे लाडू

मंडळी, दौंडच्या सायबर कॅफेतून लिहितेय. माझ्या दादावरची बंदी आज उठली!

दादा कंपनीच्या संघातून कबड्डी खेळतो. चाचणीत अफूचा अंश निघाला म्हणून त्याला घरी बसवलं होतं. शपथा घेऊन बिचारा दमला.

आज सुनावणीला आई लाडवांचा डबाच घेऊन आली. "सायेब, पोरगं ह्येच खातंय. दुसरं काय न्हाई."

सुनावणीला बसलेल्या डॉक्टरांनी लाडू फोडला आणि ते हसले. "मावशी, ही खसखस अफूच्याच बोंडातली असते."

आई हबकली. "म्हंजी म्याच चारली व्हय?"

अहवालातला अंशही खसखशीतून येईल तेवढाच किरकोळ होता. दादा सुटला.

घरी येताच आईनं उरलेली खसखस शेजारच्या चाचींना देऊन टाकली. टाइप करताना आत्ता आठवलं, त्यांचा सलीमही त्याच संघात आहे!

पळते मी. तोवर सांगा, तुमच्याकडं लाडवात खसखशीऐवजी काय घालतात?